डबा उघडणारा यंत्रमानव

१९४३ सालच्या ऑक्टोबरमध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, 'अस्टाउंडिंग' या अमेरिकी मासिकात एका दारुड्या संशोधकाची कथा छापून आली. या गॅलेघरला चढली की त्याच्या अंगात साक्षात विश्वकर्मा संचारतो आणि उतरली की काल रात्री आपण काय बनवलं हे त्याला आठवत नाही. अशाच एका उतरलेल्या अवस्थेत त्याच्या पुढ्यात एक यंत्रमानव उभा असतो. आरपार दिसणारं अंग, आत फिरणारी चक्रं, आणि स्वारी आरशासमोर उभी राहून स्वतःवरच फिदा. काम सांगावं तर ऐकत नाही. एवढी अक्कल ओतून हे धूड आपण बनवलं तरी कशासाठी, हे आठवण्यात गॅलेघरची अख्खी कथा खर्ची पडते. शेवटी उलगडा होतो. बिअरचे डबे उघडण्याच्या कटकटीला वैतागून त्याने डबा उघडायचं यंत्र करायला घेतलं होतं. तेच हे.

कथेवर नाव होतं लुईस पॅजेट. त्या टोपणनावाआड हेन्री कटनर होता. त्या काळातल्या मासिकांतून गंभीर विज्ञानकथाही ढिगाने येत होत्या. त्यांत शुक्रावर दमट जंगलं असत, मंगळावर कालवे असत. १९६२ मध्ये मरिनर-२ शुक्राजवळून गेलं, १९६५ मध्ये मरिनर-४ ने मंगळाची जवळून घेतलेली छायाचित्रं पाठवली, आणि ती जंगलं, ते कालवे एका फटक्यात पुसले गेले. गॅलेघरच्या यंत्रमानवाला खोटं पाडेल असं यान अजून उडालेलं नाही. परवाच एका स्नेह्यांकडे नवा फ्रीज पाहिला. दारावर पडदा, आत कॅमेरा, वायफाय, आणि दूध संपलं की फोनवर निरोप. त्या घरात गेली तीस वर्षं रोज पहाटे दाराच्या कडीला दुधाच्या पिशव्या लटकतात. फ्रीजसमोर उभं राहून मला कटनरची आठवण झाली, पण यजमान हप्ते भरत होते म्हणून बोललो नाही.

विज्ञानकथेतला विनोद हा पानातल्या चटणीसारखा, डाव्या बाजूला वाढायचा पदार्थ आहे, असं आपल्याकडे मानतात. कथेचा खरा जीव म्हणजे कल्पना, विज्ञान, भविष्याचा वेध. हसू आलं तर आलं. मला नेमकं उलटं वाटतं. या जुन्या कथांमध्ये आज जे टवटवीत आहे ते बहुतेक विनोदामुळेच टवटवीत आहे. शिवाय भविष्यही या हसणाऱ्यांनाच जास्त नीट दिसलं होतं. ही दुसरी गोष्ट मोठी आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो.

फेब्रुवारी १९४६ मध्ये फिलाडेल्फियात एनियॅक हा संगणक जगापुढे आला. वजन साधारण ३० टन, सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब, आणि काम काय, तर तोफगोळ्यांच्या मार्गाची आकडेमोड. त्याच वर्षीच्या मार्चच्या 'अस्टाउंडिंग'मध्ये एक कथा होती, 'अ लॉजिक नेम्ड जो'. लेखक विल जेन्किन्स, ज्याला वाचक एरवी मरे लीन्स्टर या नावाने ओळखत. संगणक नावाच्या वस्तूला एक अख्खं दालन लागत होतं, तेव्हा या माणसाने ती घरोघरी नेऊन ठेवली. प्रत्येक घरात पडदा आणि कळफलक असलेली एक पेटी. तिचं नाव 'लॉजिक'. सगळ्या पेट्या एका मोठ्या साठ्याला जोडलेल्या. हवामान विचारा, बातम्या पाहा, कुणाशी समोरासमोर बोला. आणि मग कारखान्यातून बाहेर पडलेल्या एका पेटीत काहीतरी किंचित चुकतं. ही पेटी, म्हणजे जो, इतकी सेवाभावी निघते की शहरातल्या सगळ्या पेट्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर देऊ लागतात. बायकोचा काटा कसा काढायचा? हे घ्या, असा. बँक कशी लुटायची? विचारलंत ते बरं केलंत. पेट्या बंद कराव्यात तर तेही जमत नाही, कारण तोवर सगळा व्यवहार त्यांच्यावरच चाललेला असतो.

आज ही कथा वाचताना अंगावर काटा येतो, पण तो हसता हसता. आणि प्रश्न पडतो की १९४६ मध्ये याला हे दिसलं कसं? त्याच्याहून जास्त विज्ञान जाणणारे लेखक त्याच मासिकात होते. ते यंत्र मोठं होत जाईल असं धरून चालले होते. आज ३० टन, उद्या ३०० टन, परवा अख्ख्या ग्रहाएवढा मेंदू. लीन्स्टरला हसवायचं होतं. हसवण्यासाठी ३० टनी यंत्राचा काही उपयोग नाही. त्याच्यासमोर माणूस टोपी काढून उभा राहतो. हसायचं तर यंत्र घरात यायला लागतं, जिथे बायको आहे, पोरं आहेत, शेजारी आहे, आणि कुणाला तरी कुणापासून काहीतरी लपवायचं आहे. विनोदाला घर लागतं. विनोदाच्या गरजेपोटी त्याने संगणक घरात आणला, आणि भविष्य नेमकं तिथेच येऊन बसलं.

कथा कोण सांगतो तेही पाहण्यासारखं आहे. निवेदक शास्त्रज्ञ नाही, सेनापती नाही. तो पेट्या दुरुस्त करणारा कारागीर आहे. तक्रार आली की हत्यारांची पिशवी घेऊन जाणारा. शास्त्रज्ञाला यंत्र कसं चालतं ते माहीत असतं, पण ते कसं बिघडतं आणि बिघडल्यावर गिऱ्हाईक काय बोलतं, हे दुरुस्तीवाल्यालाच ठाऊक.

इथे कुणी म्हणेल, एच. जी. वेल्सचं काय? 'फ्रँकेन्स्टाइन' लिहिणाऱ्या मेरी शेलीचं काय? ते हसवत नाहीत, तरी शंभर-दोनशे वर्षं टिकलेत. मान्य. ज्याची उंची वेल्सएवढी आहे त्याला कुठल्याच आधाराची गरज नसते. मी बोलतोय ते बाकीच्या फळीबद्दल, मासिकांची पानं भरणाऱ्या, शब्दांवर पैसे मिळवणाऱ्या लेखकांबद्दल. त्यांच्यातल्या गंभीर मंडळींची भाकितं खोटी ठरली की हाती काही उरत नाही. गमत्यांच्या हाती माणूस उरतो.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे, आणि तो माझ्या आवडत्या लेखकांनाच लागू पडतो. या विनोदातला बराच भाग शिळा झाला आहे. चाळीस-पन्नासच्या दशकातल्या अमेरिकी विज्ञानकथेत बायको म्हणजे एकतर कटकट किंवा मोहिनी. 'जो'मध्येही हे दोन्ही नमुने हजर आहेत, आणि तेवढा भाग मी आज घाईने उलटतो. शाब्दिक कोट्यांचं तर विचारूच नका. १९५६ पासून फर्डिनंड फेगूट नावाच्या एका पात्राच्या छोट्या गोष्टी येत. प्रत्येक गोष्टीचा शेवट एका भयंकर कोटीत. इंग्रजी वाक्प्रचारांची ती मोडतोड मराठीत आणायची म्हटली तर फक्त तळटीप उरेल. म्हणजे विनोद असला की टिकलंच, असं नाही. टिकतो तो विनोद जो कल्पनेच्या बुडाशी असतो. वरून भुरभुरलेला पहिल्या वाऱ्यात उडतो.

बुडाशी असलेला विनोद कसा असतो, हे पाहायचं तर स्तानिस्वाव लेमकडे जावं. लेम पोलिश. त्याचं 'सायबेरियाड' १९६५ मध्ये आलं. त्यातला ट्रुर्ल नावाचा यंत्रकार आठ मजली उंच विचार करणारं यंत्र बांधतो, रंग देतो, तेलपाणी करतो, आणि पहिला प्रश्न विचारतो: दोन आणि दोन किती? यंत्र खडखडतं, धुरळा उडतो, आणि उत्तर येतं, सात. ट्रुर्ल स्क्रू पिळतो, तारा तपासतो. पुन्हा सात. त्याचा मित्र क्लापॉशियस म्हणतो की यंत्र मूर्ख आहे, तर यंत्राचा अपमान होतो. ते जमिनीतून पाय उपटून दोघांच्या मागे लागतं. मागणी एकच: माफी मागा आणि सात म्हणा.

मूळ पोलिशमध्ये लेमने शब्दांशी जो खेळ केला आहे तो कुठल्याही अनुवादात पूर्ण उतरणार नाही. मायकल कँडेलच्या इंग्रजी अनुवादाची एवढी वाहवा होते ती त्याने पुष्कळ जागी नव्याने खेळ रचला म्हणून. पण 'सात'ची गोष्ट कुठल्याही भाषेत सांगा. आपल्या आजीला सांगा. मूर्ख यंत्र आपण पाहिलं होतं, हट्टी यंत्रही. मूर्ख असून अपमान वाटणारं, वर धमकी देणारं यंत्र म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे यंत्र येतच नाही, त्याचा साहेब येतो. हल्ली चॅटबॉट एखादी चुकीची गोष्ट इतक्या ठामपणे सांगतात की मी मनातल्या मनात 'सात' म्हणून गप्प बसतो.

डग्लस ॲडम्सबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी एकाच जागेपाशी थांबतो. ८ मार्च १९७८ रोजी बीबीसी रेडिओ ४ वर त्याच्या 'हिचहायकर्स गाइड' या विनोदी विज्ञान-मालिकेचा पहिला भाग लागला. आर्थर डेंटचं घर बगलरस्त्यासाठी पाडायला बुलडोझर आलेत. अधिकारी म्हणतो, नकाशे नऊ महिने पाहायला ठेवले होते की! कुठे? तळघरात. दिवे नसलेल्या, जिना मोडलेल्या तळघरात, बंद पडलेल्या संडासात, कुलूप लावलेल्या कपाटाच्या तळाशी, आणि दारावर पाटी, 'बिबट्यापासून सावधान'. (जुन्नरकडच्या वाचकाला यात विनोद कुठे आहे हे शोधावं लागेल.) घटकाभराने अख्खी पृथ्वीच अवकाशातल्या बगलरस्त्यासाठी पाडायची निघते, आणि परग्रहावरचा अधिकारी तेच म्हणतो: नकाशे तुमच्या जवळच्याच ताऱ्यावरच्या कार्यालयात पन्नास वर्षं लावले होते, आता बोंबलून काय उपयोग?

ज्याच्या सातबाऱ्यावरून कधी महामार्ग गेला आहे, ज्याने 'हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत' अशी नोटीस मुदत संपल्यावर वाचली आहे, त्याला ही इंग्लंडातली गंमत समजावून सांगावी लागत नाही. ॲडम्सने विश्वाचा पसारा मांडला आणि त्यात तालुक्याचं कार्यालय बसवलं. प्रकाशवर्षं बदलतील, शिक्का बदलणार नाही, हा त्याचा सगळा सिद्धान्त. अजून तरी तो कुणी खोडलेला नाही.

असिमॉव्हच्या एका कथेचा उल्लेख टाळणं मला जड जातंय. १९५८ सालची 'द फीलिंग ऑफ पॉवर'. दूरच्या भविष्यात सगळी गणितं संगणक करतात आणि माणूस बेरीज-गुणाकार साफ विसरलेला आहे. अशात एक सामान्य तंत्रज्ञ कागदावर गुणाकार करून दाखवतो. सेनापती थक्क. लोकप्रतिनिधी म्हणतो, यात काहीतरी हातचलाखी आहे. मग युद्धखात्याला साक्षात्कार होतो: क्षेपणास्त्रात महागडा संगणक बसवण्यापेक्षा माणूस बसवला तर स्वस्त पडेल! शेवटी एक प्रोग्रामर स्वतःशी नऊ सत्ते त्रेसष्ट म्हणतो आणि हे सांगायला मला संगणक लागत नाही, या जाणिवेने त्याला अचाट बळ आल्यासारखं वाटतं. ज्या पिढीने पावकी-निमकी-दीडकी हातावर छडी खात पाठ केली, तिला या वाक्यावर किती प्रकारे हसता येतं! आणि त्या तंत्रज्ञाचं कथेत पुढे काय होतं ते आठवलं की हसू घशात अडकतं.

आता आपल्या घरी येऊ.

मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून बसलेले. परीक्षकांनी नाव पाहून भुलू नये म्हणून केलेली ही युक्ती मला स्वतःच एक छोटी विनोदी विज्ञानकथा वाटत आली आहे. पुढे एका कथेत त्यांनी गणपतीची सोंडही डावीकडून उजवीकडे नेली, म्हणजे उलटापालटीची हौस जुनीच. मराठी विज्ञानकथेला पुढच्या दशकांत जी प्रतिष्ठा मिळाली तिच्यात त्यांचा वाटा मोठा. पण तिला जे वळण लागलं ते प्रबोधनाचं. विज्ञान समजावून सांगायचं, दृष्टिकोन रुजवायचा, अंधश्रद्धेवर प्रहार करायचा. हेतू सगळे चांगले. चांगल्या हेतूंनी लिहिताना माणूस खुर्चीत ताठ बसतो, एवढंच. अपवाद आहेत, हसवणारे लेखकही झाले, पण माझ्या वाचनातल्या मराठी विज्ञानकथांचा ढीग काढला तर निम्म्याहून जास्त कथांत एक प्राध्यापक दुसऱ्या माणसाला काहीतरी समजावून सांगत असतो, आणि तो दुसरा माणूस कधीही जांभई देत नाही.

गंमत पाहा, खुद्द नारळीकरांची 'धूमकेतू' आठवली की मला धूमकेतू आठवत नाही. तो पृथ्वीवर आदळणार असतो, जगभरचे शास्त्रज्ञ जमतात, अणुस्फोटाने त्याला बाजूला ढकलतात. हे सगळं नीट रचलेलं आहे. मनात राहते ती दत्तदांची बायको, इंद्राणीदेवी. दत्तदा रात्र रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसतात. त्या दुर्बिणीला त्यांनी 'दिव्या' असं लाडकं नाव दिलेलं, आणि बाईंच्या लेखी ती सवत. जगावरचं संकट टाळून दत्तदा घरी येतात तर घरात यज्ञ झालेला, आणि धूमकेतू कशामुळे टळला याबद्दल घरच्यांच्या मनात तिळमात्र शंका नाही. लेखकाला इथे खंत मांडायची आहे हे उघड आहे. पण कथा जिवंत राहिली आहे ती सवतीमुळे. दुर्बीण घरात आली म्हणून.

आपल्या हाताशी तर या कामासाठी तयार हत्यार होतं. मराठी विनोद मुळात घरातलाच. चिमणराव कुठल्या मोठ्या युद्धावर गेला नाही. तो घरातल्या घरात, सासुरवाडीला, गाडीच्या डब्यात फजित झाला. त्याच्या घरी लीन्स्टरची ती पेटी आणून ठेवा आणि गुंड्याभाऊला दुरुस्तीला बसवा, कथा आपोआप पुढे सरकेल. हे लग्न आपण जुळवलं नाही. विज्ञान बैठकीच्या खोलीत पाहुण्यासारखं बसवलं आणि विनोद माजघरात ठेवला.

याला साहित्यातली हळहळ म्हणून सोडून देता आलं असतं, पण याचा संबंध आज आपण यंत्रांबद्दल कसे बोलतो त्याच्याशी आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवरचं कुठलंही व्याख्यान ऐका, दोनच सूर लागतात. एक आरतीचा: आता रोग जातील, शेती सुधारेल, पोरं शिकतील. दुसरा मर्तिकाचा: नोकऱ्या जातील, माणूस संपेल. दोन्हींत यंत्र देवासारखं उंचावर बसलेलं, एकात वर देणारं, दुसऱ्यात शाप देणारं. त्याचं आरशात पाहणं, त्याचं 'सात' म्हणून अडून बसणं या व्याख्यानांत कुणी सांगत नाही. विकणाऱ्याला दोन्ही सूर चालतात. भीतीनेसुद्धा माल खपतो. हशा पिकला तर मात्र गिऱ्हाईक विचारतं, हे नक्की कशासाठी बनवलंय हो? डबा उघडायला?

स्पर्धांच्या परीक्षकांनी आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी एखादं वर्ष अशी अट घालून पाहावी: कथेत प्राध्यापक नको, अवकाशयान नको, फक्त एक यंत्र आणि ते दुरुस्त करायला आलेला माणूस. कथा कुठून आणायच्या हा प्रश्नच नाही.

गेल्या नोव्हेंबरात आत्याला हयातीच्या दाखल्यासाठी घेऊन गेलो. वय ८४. पन्नासेक वर्षं भांडी घासून, भाकऱ्या थापून बोटांचे ठसे गुळगुळीत झालेले. यंत्रावर अंगठा ठेवला, यंत्राने नकार दिला. तर्जनी ठेवली, नकार. काउंटरवरचा पोरगा, असेल पंचविशीचा, अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आजी, बोट पदराला पुसा आणि परत ठेवा." आत्याने पुसलं, ठेवलं. तिसऱ्यांदा नकार. मग त्याने मोबाइल काढला आणि म्हणाला, "आता चेहऱ्याने करू. इकडे बघा आणि डोळ्यांची उघडझाप करा." आत्या एकटक बघत राहिली. "आजी, पापण्या मिटा, उघडा. त्याशिवाय तुम्ही जिवंत आहात हे त्याला कळत नाही."

आत्याने माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं, आणि सिनेमातल्या नटीसारखे दोनदा डोळे मिचकावले. टुण्ण वाजलं. हिरवी खूण आली.

"झालं?" आत्याने विचारलं.

"झालं आजी. आता पुढच्या नोव्हेंबरपर्यंत काळजी नाही."

"आणि त्याच्या आधी मेले तर?"

पोरगा खरंच विचारात पडला. स्क्रीनवर बोट वरखाली फिरवून त्याने नीट पाहिलं, आणि मग मनापासून म्हणाला, "तसं बटण इथे दिसत नाही, आजी."